घरात दुखावलेले मूल आणि आपली शाळा

महोत्सवाच्या स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीचा आढावा असावा, देणगीदारांचे ऋण मानलेले असावे, दिवंगत कार्यकर्त्यांचे स्मरण असावे, अशी रीत आहे आणि ती योग्यच आहे. त्या पंक्तीत प्रस्तुत लेखाचा विषय कित्येकांस खटकेल. घरात होणारी मारहाण आणि मुलांवर होणारे लैंगिक अत्याचार यांविषयी चारचौघांत बोलण्याची आपल्याकडे चाल नाही. तरीही आम्ही हा विषय मुद्दाम घेतला आहे. फी, वह्या-पुस्तके, गणवेश, शिष्यवृत्ती ही धर्मादाय संस्थांची नेहमीची कामे. आपल्या ट्रस्टचा पैसाही बराचसा याच वाटेने मुलांपर्यंत पोहोचतो. पण ज्या मुलाची रात्र भीतीत जाते त्याची फी वेळेवर भरली, तरी दुसऱ्या दिवशी फळ्यावरचे त्याच्या डोक्यात शिरेल, याची हमी कोणी द्यावी?

आमचे म्हणणे थोडक्यात असे : अशा मुलास घराबाहेरचे मोठे माणूस रोज भेटते ते बहुधा एकच, आणि ते म्हणजे त्याचे शिक्षक. शिक्षकाने तपास करावयाचा नाही, न्यायनिवाडाही करावयाचा नाही. त्याने ओळखावे, ऐकावे, कळवावे आणि त्यानंतर मुलाची वर्गातली जागा सांभाळावी. या चार गोष्टी शाळांस जमाव्यात म्हणून आपल्यासारख्या संस्थांनी त्यांच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे.

प्रश्न किती मोठा?

“आपल्या लोकांत असले काही होत नाही” हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेला अहवाल वाचल्यावर ते उच्चारण्याचे धैर्य होणार नाही. तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून ती पाहणी झाली होती आणि त्या राज्यांत मध्यप्रदेश व महाराष्ट्र ही दोन्ही होती. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. मुलग्यांचे प्रमाण मुलींहून कमी नव्हते. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे, किंबहुना ज्यांच्यावर विश्वासाने मूल सोपवावे असे होते. आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट तोवर कोणासही सांगितलेली नव्हती.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवालही तेच सांगतात. मुलांवरील बलात्काराच्या ज्या तक्रारी पोलिसांत नोंदल्या जातात, त्यांत आरोपी ओळखीचा असण्याचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक भरते. “अनोळखी माणसाने गोळी दिली तर घेऊ नको” एवढीच शिकवण देऊन आईबाप निश्चिंत होतात, ती अपुरी का पडते हे यावरून ध्यानात येईल. नातलग, शेजारी, शिकवणीचे मास्तर, गाडीवाला, घरी मुक्कामास येणारा पाहुणा, यांच्याविषयी मुलास सावध कोणी केलेले नसते. उलट त्यांचे ऐकावे, त्यांना नमस्कार करावा, असेच शिकविलेले असते.

मारहाणीचेही तसेच. बाप आईला मारतो तेव्हा मुलाच्या अंगावर हात पडला नाही, तरी ते मूल सुटले असे मानण्याचे कारण नाही. भिंतीपलीकडून ऐकू येणारा आवाज, भांडी आदळणे, सकाळी आईचा सुजलेला चेहरा आणि “शाळेत कोणाला सांगू नकोस” ही ताकीद, एवढे ओझे दप्तराबरोबर घेऊन ते वर्गात बसते.

दोन ठेचा

ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथे शिशुवर्गातील दोन लहान मुलींवर शाळेच्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार झाली. मुलींनी घरी सांगितले आणि घरच्यांनी विश्वास ठेवला. पण तक्रार नोंदवून घेण्यात विलंब झाला. २० ऑगस्ट रोजी लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले आणि कित्येक तास गाड्या अडल्या. दोन दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयाने स्वतः होऊन प्रकरणाची दखल घेतली. कळूनही पोलिसांस कळविले नाही, या आरोपावरून शाळेच्या चालकांवरही गुन्हा दाखल झाला.

दुसरे प्रकरण चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याचे आहे. २०१९ साली तेथील एका शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. मुलींवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरने माहिती असूनही कळविले नाही, असा आरोप होता. त्याच्यावरील गुन्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि मुलांवरील अत्याचाराची माहिती असताना गप्प राहणे हा स्वतः एक गंभीर गुन्हा आहे, असे स्पष्ट केले.

या दोन्ही ठिकाणी ज्या छपराखाली मूल सुरक्षित असावयास हवे तेथेच घात झाला. बदलापुरात निदान घराने ऐकले. पण घात घरातच झाला तर? मग मुलाने सांगावे कोणास? तेथे शाळेवाचून दुसरा आसरा नाही, आणि म्हणूनच शाळेने त्या दिवसाची तयारी आधीपासून ठेविली पाहिजे.

ओळखावे

मूल सहसा शब्दांनी सांगत नाही, वागण्याने सांगते. कालपर्यंत हुशार असलेली मुलगी अचानक मागे पडते. मुलगा वर्गात झोपतो, कारण रात्री झोप झालेली नसते. पाठीमागून कोणी आले की दचकतो. भर उन्हाळ्यात कोणी लांब बाह्या घालून येते. पोटदुखीचे निमित्त वारंवार होते. शाळा सुटल्याची घंटा झाली, तरी एखादे मूल घुटमळत राहते आणि सकाळी फाटक उघडण्यापूर्वी हजर असते. थोरली मुलगी वरचेवर गैरहजर राहते, कारण आईला एकटे सोडण्याची तिला भीती वाटते. कोणी लहान मूल वयाला न शोभणाऱ्या गोष्टी खेळात वा चित्रात आणते. कोणाजवळ अकारण पैसे किंवा भेटवस्तू दिसू लागतात. कोणी मारकुटे होते, तर कोणी अगदीच मुके.

यांपैकी एकच खूण म्हणजे पुरावा नव्हे. यातील प्रत्येकीला दुसरेही कारण असू शकते. पण दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या आणि बदल अचानक घडला असेल, तर त्या मुलाकडे अधिक लक्ष द्यावे एवढे निश्चित. सतत भीतीत राहणाऱ्या मुलाचे शरीर धोक्याची चाहूल घेण्यातच गुंतलेले असते. पाढे आणि व्याकरण यांसाठी मन रिकामे उरत नाही. त्याला आपण ‘मठ्ठ’ म्हणतो, ‘उद्धट’ म्हणतो आणि वर शिक्षा करतो. घरी मार, शाळेत मार, असे झाले की मोठी माणसे सगळीकडे सारखीच, अशी त्याची खात्री पटते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांस मनाई केली आहे. तिचा खरा उपयोग असा की छडी नसलेल्या वर्गातच मूल तोंड उघडते.

आपल्या इंदूरला ही गोष्ट नवी वाटू नये. पद्मश्री शालिनीताई मोघे यांनी १९४७ साली येथे बाल निकेतन संघाचे काम आरंभिले आणि मुलाला धाक न घालता, त्याच्या कलाने शिकविण्याची माँटेसोरी पद्धती या शहरात रुजविली. मुलाचे म्हणणे थांबून ऐकावे, हे या पद्धतीचे मर्म आहे. आज आपण जे मागतो आहोत ते त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल होय.

ऐकावे

एखाद्या दिवशी मधल्या सुट्टीत मूल बाईंजवळ येते आणि अर्धेमुर्धे काही बोलते. त्या पाच मिनिटांत काय घडते यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते. म्हणून या प्रसंगाचे काही साधे नियम प्रत्येक शिक्षकास तोंडपाठ असावेत.

हातातले काम बाजूस ठेवावे आणि शांतपणे ऐकावे. चेहऱ्यावर घृणा वा धक्का दाखवू नये. मुलाला वाटते की आपलाच राग आला. “तू सांगितलेस हे चांगले केलेस. यात तुझी काही चूक नाही. आता तुला मदत मिळावी म्हणून मी काय करता येईल ते करीन,” एवढे बोलणे पुरे. “मग आजवर का गप्प बसलास?” हा प्रश्न कधीही विचारू नये, तो प्रश्न नसून आरोप असतो. “हे मी कोणालाही सांगणार नाही” असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही आणि मोडले की मुलाचा उरला विश्वासही जाईल. “ज्यांनी मदत करावयाची तेवढ्यांनाच सांगू,” असे खरे ते सांगावे.

खोदून खोदून विचारू नये आणि आपले शब्द मुलाच्या तोंडी घालू नयेत. ते जे बोलले तेच, त्याच्याच शब्दांत, तारीख व वेळ घालून लगेच लिहून ठेवावे. मुख्याध्यापक, मग पर्यवेक्षक, मग व्यवस्थापक मंडळ, अशी मुलाची वरात काढून त्याच्याकडून तीच कहाणी पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नये. ज्याच्याविषयी संशय आहे तो घरातलाच असेल तर त्यास बोलावून “हे खरे का?” असे विचारणे म्हणजे मुलास पुन्हा त्याच्याच हवाली करणे होय.

कळवावे

येथे कायद्याची माहिती देणे अवश्य आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्यास सर्वजण ‘पॉक्सो’ म्हणतात, तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, दोघांसही त्याचे संरक्षण आहे. त्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे असा अपराध घडल्याचे ज्यास कळले, किंवा घडण्याची शक्यता वाटली, त्या प्रत्येकाने पोलिसांस किंवा विशेष बाल पोलीस पथकास कळविलेच पाहिजे. पुरावा गोळा करणे हे कळविणाराचे काम नव्हे. सद्भावाने कळविणाऱ्यावर कोणतीही कारवाई होऊ शकत नाही. न कळविल्यास मात्र सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हाताखालच्या माणसाचा अपराध न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत. “आधी आमची समिती चौकशी करील, मग पाहू” असे म्हणण्यास कायद्यात जागा नाही.

पोलिसांचे नाव निघाले की कुटुंबे बिचकतात, म्हणून कायद्याने मुलास काय दिले आहे तेही जाणून घ्यावे. मुलाचा जबाब त्याच्या घरी वा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावयाचा असतो. जबाबाच्या वेळी आईबाप किंवा मुलाच्या विश्वासाचे माणूस जवळ असते. मुलास रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करते. साक्षीच्या वेळी आरोपी मुलाच्या नजरेस पडू नये अशी व्यवस्था करावी लागते आणि खटला बंद दालनात चालतो. मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा वा घर वृत्तपत्रांस छापता येत नाही. २०२० च्या नियमांप्रमाणे तपासापासून निकालापर्यंत मुलाची सोबत करण्यास एक सहाय्यक व्यक्ती नेमता येते. रुग्णालय सरकारी असो वा खाजगी, अशा मुलावर तत्काळ व विनामूल्य उपचार करणे त्यास बंधनकारक आहे.

मारहाणीच्या घरांसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे. त्याखाली न्यायाधीश मारहाण करणाऱ्यास आवर घालणारा आदेश काढू शकतात, मुलांचा तात्पुरता ताबा आईकडे देऊ शकतात, आणि पीडित मूल असेल तर त्या माणसास मुलाच्या शाळेत पाऊल टाकण्यासही मनाई करू शकतात. शाळेच्या दृष्टीने ही तरतूद फार मोलाची आहे. असा आदेश झाला असेल तर त्याची प्रत कार्यालयात असावी आणि फाटकावरच्या चौकीदारास मूल कोणाच्या हाती द्यावयाचे व कोणाच्या नाही हे ठाऊक असावे. ज्या मुलाला घरी ठेवणेच धोक्याचे आहे त्याचा विचार जिल्ह्याची बाल कल्याण समिती करते. मारहाण झालेल्या आईसाठी ‘वन स्टॉप सेंटर’ आहे. यांपैकी काहीच आठवले नाही तरी १०९८ हा क्रमांक आठवावा. मुलांसाठीची ही दूरध्वनी-सेवा १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाली. आता ती सरकारमार्फत चालते, अहोरात्र चालू असते, आणि मूल स्वतःही तिथे बोलू शकते.

जागा सांभाळावी

कळविल्यावर काम संपते असा समज आहे. खरी परीक्षा तेथून सुरू होते. अनेकदा आरोपी हाच घरचा कमावता असतो. तक्रार झाली की घरात चूल पेटण्याची पंचाईत होते. आजी म्हणते, “पोरीने घर मोडले.” नातलग समेटासाठी गळ घालतात. शेजारी कुजबुजतात. याच वेळी शाळेनेही “आमच्या शाळेचे नाव खराब होते, दाखला घेऊन जा” असे म्हटले, तर ते मूल दोनदा शिक्षा भोगते.

म्हणून त्याचा बाक, त्याची हजेरी, त्याचे मित्र, त्याची खेळाची तासिका हे सर्व पूर्वीप्रमाणे चालू राहिले पाहिजे. रोजची ठरलेली दिनचर्या हे अशा मुलाचे मोठे औषध आहे. शिक्षकांच्या खोलीत त्याच्याविषयी चर्चा होऊ नये. तारखेसाठी गैरहजर राहिल्यास बुडालेला अभ्यास भरून द्यावा, परीक्षेत सवलत द्यावी. एक शिक्षक किंवा शिक्षिका अशी असावी की जिच्याकडे ते मूल कोणत्याही वेळी, कारण न सांगता जाऊन बसू शकेल. समुपदेशक मिळाला तर उत्तमच; पण समुपदेशक आठवड्यातून एकदा येतो, बाई रोज असतात.

आणि हे सर्व घडण्यापूर्वीचे शिक्षणही द्यावयाचे आहे. आपले शरीर आपले आहे, अवयवांस खरी नावे आहेत, नको असलेल्या स्पर्शास ‘नाही’ म्हणता येते, तेथून निघून जाता येते आणि विश्वासाच्या मोठ्या माणसास सांगता येते, हे पहिलीच्या मुलासही कळते. मुंबईची ‘अर्पण’ ही संस्था २००६ पासून शाळांतून असे पाठ देत आली आहे. बालशोषणाविषयीचा ‘कोमल’ हा चाइल्डलाइनचा छोटा व्यंगपटही वर्गात दाखविण्याजोगा आहे. या पाठांनी मुले बिघडतात ही भीती अनाठायी आहे. ज्याला शब्द ठाऊक नाहीत, ते मूल सांगणार कसे?

ट्रस्टने काय करावे?

शाळांस उपदेश करून आपण मोकळे होऊ नये. आमच्या मते पुढील गोष्टी आपल्या आवाक्यातील आहेत. शिष्यवृत्तीच्या नियमांत एक वाक्य घालावे : मूल अचानक नापास झाले वा गैरहजर राहू लागले, तर मदत बंद करण्यापूर्वी कारण समजून घ्यावे. तीन-चार शाळांस मिळून एक समुपदेशक परवडत नसेल तर त्याच्या मानधनाचा वाटा आपण उचलावा. एक छोटा राखीव निधी असावा; त्यातून शाळेच्या पत्रावर, मुलाचे नाव न विचारता, बसभाडे, नव्या शाळेची फी किंवा आईस काही महिन्यांचा किराणा देता यावा. कार्यकारिणीपुढे नाव येणार नाही ही खात्री असल्याखेरीज गरजू माणूस दारात येणार नाही, हे लक्षात ठेवावे. आपल्या सभासदांत निवृत्त शिक्षिका, वकील, डॉक्टर आहेत. त्यांच्यापैकी काहींनी कोर्टात सोबत करण्याची तयारी दाखविली तर केवढे तरी काम होईल. आणि जेथे मुलांशी नित्य संबंध येतो अशा प्रत्येक संस्थेने, शिक्षकांपासून शिपायापर्यंत सर्वांची पोलीस पडताळणी करून घ्यावी, असे २०२० चे नियम सांगतात. आपले वर्ग, शिबिरे, बालमेळावे यांसही तोच नियम आपण आपणहून लावावा.

सभासद कुटुंबांसही दोन शब्द. मूल एखाद्या काकांच्या मांडीवर बसावयास नाही म्हणाले तर त्यास दटावू नका; नमस्कार दुरूनही होतो. एखाद्या घरी जाण्यास ते रडत असेल तर लाड समजून सोडून देऊ नका, एकांतात विचारा. त्याने काही सांगितलेच तर प्रथम विश्वास ठेवा. घराण्याची अब्रू मूल गप्प राहिल्याने राखली जाते, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तिची किंमत मुलांनी मोजली.

जून महिन्यात शाळा पुन्हा भरतील. त्यापूर्वी आपल्याशी संबंध असलेल्या प्रत्येक शाळेत शिक्षकांची एक दिवसाची बैठक घ्यावी, दर्शनी भिंतीवर १०९८ हा आकडा मोठ्या अक्षरांत रंगवावा आणि मुलांचे ऐकण्याचे काम कोणाकडे, हे नाव घालून ठरवावे. एवढ्याला फार मोठी देणगी लागत नाही. महोत्सवाच्या वर्षात सभासदांनी ही जबाबदारी अंगावर घ्यावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.